‘ठ’ची आठवण

रोज सकाळी ती प्रयोगशाळेचं दार उघडायची, चपला बाहेर काढायची, पांढरा कोट चढवायची आणि कुणाशी अक्षरही न बोलता आधी एका अक्षराला भेटायची. ते अक्षर होतं ‘ठ’. जुन्या छापखान्यातला शिशाचा एक खिळा, करंगळीच्या पेराएवढा. एका टोकाला उठावाचा ‘ठ’, कडेला दोन-तीन बारीक खळ्या. चिमट्यानं उचलून ती तो काचेच्या झाकणाखाली ठेवायची, झाकण बंद करायची आणि मगच लेसरवाल्याला म्हणायची, “हं, गुड मॉर्निंग.”

लेसरवाला म्हणजे ते यंत्र चालवणारा, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि तोंडाला कुलूप नसलेला माणूस. त्यानंच तिचं नाव ‘दशांशताई’ पाडलं होतं. कारण असं की, बाई चौथ्या दशांशापर्यंत खात्री झाल्याशिवाय कशालाच हो म्हणत नसत. चहात साखर किती, असं विचारलं तरी त्या क्षणभर विचार करत. नाव तोंडावर घेण्याची हिंमत फक्त त्याच्यात होती आणि तिलाही ते मनातून आवडायचं.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जीव खाणारं होतं. शिशाचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. चार सख्ख्या भावंडांसारखे ते चार वजनांचे असतात आणि कुठल्या खाणीच्या शिशात कुठलं भावंड किती, हे प्रमाण त्या खाणीपुरतं ठरलेलं असतं. ते शिसं वितळवा, रंगात घाला, नळाला लावा, माणसाच्या हाडात शिरू द्या, प्रमाण काही बदलत नाही. लेसरचा एक ठिपका पडायचा, केसाएवढा खड्डा व्हायचा, उडालेली धूळ वायूबरोबर एका भयंकर तापलेल्या ज्योतीत जायची आणि पुढे चुंबक त्या अणूंना वजनाप्रमाणे आपापल्या वाटेला लावायचं. जुन्या लेसरनं धातू तापायचा, हलके अणू आधी पळ काढायचे आणि सगळं प्रमाण वाकडं यायचं. नव्या लेसरचा झोत इतका आखूड की धातूला तापायला सवडच मिळत नाही. त्यामुळे धातू आणि हाड एकाच मापानं मोजता यायला लागलं. या नव्या लेसरसाठी तिनं सहा वर्षं वरिष्ठांचं डोकं खाल्लं होतं.

पण यंत्र कितीही महागाचं असलं तरी दिवसभरात त्याचा आकडा जरा जरा सरकतोच. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं काहीतरी मोजायचं असतं. तिच्याकडे ते काहीतरी म्हणजे ‘ठ’. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यांची ती आठवण. एकोणीस वर्षं तिनं ज्यांचं म्हणून शिसं मोजलं, ते सगळं या ‘ठ’ला धरून मोजलं. ‘ठ’ म्हणजे ठरलेला, असं ती नव्या माणसांना सांगायची. खळ्या सोडून नेम धरा, एवढीच सूचना असायची.

आणखी एक शब्द सांगून ठेवायला हवा, कारण पुढे सगळं त्याच्यावरच अडणार आहे. आधीच्या नमुन्याची धूळ कधी कधी नळीत चिकटून राहते आणि पुढच्या नमुन्यात मिसळते. मग यंत्र तुमच्या नमुन्याबद्दल विचारलं तर आधीच्याबद्दल सांगत बसतं. याला त्यांच्या खोलीत ‘आठवण’ म्हणत. “ताई, आज मशीनला फार आठवण येतेय,” असं लेसरवाला म्हणाला की समजायचं, नळ्या धुवायला घ्यायच्या. आठवणीचा तिला मनस्वी राग होता. घरी आईला फोनवरसुद्धा ती याच तक्रारी सांगायची आणि आई बिचारी काही न कळता “हो का गं” म्हणायची.

तर झालं असं की एका रविवारी ती आईकडे गेली असताना आत्या आली. आत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, नव्वदीच्या घरातली, दात एकही नाही पण जीभ शाबूत. इकडचं तिकडचं झाल्यावर तिची गाडी नेहमीच्या ठेसनावर येऊन थांबली.

“गब्दू असता तर आज शेहेचाळीस वर्षांचा असता,” आत्या म्हणाली. “त्या पाळण्यानं घात केला.”

गब्दू हा तिचा धाकटा भाऊ, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. गालांवरून वडिलांनी ठेवलेलं नाव. तिसऱ्या वर्षी तो चालता चालता पडायला लागला, मग झटके आले, डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की अंगात शिसं गेलंय. हा तोंडात काय घालतो, असं त्यांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, पाळणा. आईनं जुन्या सामानातून आणलेला, लाल-पिवळ्या रंगाचा पाळणा होता तो. त्या रंगात शिसं असणार, असं डॉक्टर म्हणाले. वडिलांनी त्याच दिवशी अंगणात कुऱ्हाडीनं पाळण्याचे तुकडे केले. गब्दू त्यानंतर तीन वर्षं जगला, पण बोलणं गेलं, ओळख गेली, आणि सहाव्या वर्षी तोही गेला. तेव्हापासून खापर आईच्या डोक्यावर. वडील तोंडानं कधी काही बोलले नाहीत. मात्र मरेपर्यंत त्यांनी आईनं आणलेली कुठलीही वस्तू आधी उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय घरात ठेवली नाही.

आत्या बोलली आणि आईनं नेहमीसारखी मान खाली घातली. टॉवेलाची घडी करत होती, ती मोडून पुन्हा केली.

चाळीस वर्षं ती ही खाली घातलेली मान बघत आली होती. त्या दिवशी तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“आत्या, पाळणाच होता हे कुणी मोजलं?” ती म्हणाली. “तेव्हा मोजणारं कुणी नव्हतं. आता आहे. मी मोजते. पुढच्या रविवारी कागद आणून तुझ्या हातात ठेवते.”

“नको गं,” आई एकदम म्हणाली. “कशाला उकरून काढतेस?”

“उकरू दे की,” आत्या म्हणाली. “मी येईन रविवारी.”

आत्या गेल्यावर आई तिच्याशी धड बोलली नाही. आई अंघोळीला गेली तेव्हा तिनं कपाटातली दोऱ्यांची डबी उघडली. तिथं कापसात गब्दूचा पडलेला पहिला दात होता, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. शेजारीच पाळण्याचं एक लाकडी बोंड होतं. कुऱ्हाडीतून तेवढं वाचलं होतं आणि आई त्यावर मोजे ताणून रफू करायची. दोन्ही तिनं पर्समध्ये टाकली. आयुष्यात कुणाची पेन्सिल ढापली नव्हती त्या बाईनं, आणि पन्नाशी ओलांडल्यावर आईच्या घरात चोरी केली.

सोमवारी तिनं दात उभा कापून घासून गुळगुळीत केला आणि वहीत नुसतं ‘नमुना सात’ असं लिहिलं.

“कुणाचा हो हा उंदराचा दात?” लेसरवाल्यानं विचारलं.

“तू नेम धर,” ती म्हणाली.

दात थराथरानं वाढतो. बाहेरचा थर आधीचा, आतला नंतरचा. लेसर बाहेरून आत सरकत गेला की मूल कसं वाढलं ते ओळीनं वाचता येतं. आधी त्यांनी बोंडाचा रंग मोजला. शिसं होतं, भरपूर होतं. प्रमाण आलं शून्य पूर्णांक आठ पाच आणि पुढे आणखी दोन आकडे. मग ‘ठ’. मग दात.

बाहेरच्या थरात शिसं नावालाच होतं. पाळण्यात निजण्याचे, पाळणा चघळण्याचे ते महिने. दीड वर्षाच्या सुमाराला येईपर्यंत तसंच. आणि मग अगदी आत, दोन वर्षांच्या आसपास, आकडा एकदम उसळला. प्रमाण मात्र बोंडाचं नव्हतं. शून्य पूर्णांक आठ नऊ चार दोन.

हा आकडा वाचायला तिला पडद्याकडे बघावं लागत नव्हतं. तो ‘ठ’चा होता.

“आठवण,” लेसरवाला म्हणाला. “आत्ताच ‘ठ’ मोजला ना, तोच सांगतंय.”

“धू,” ती म्हणाली.

त्यांनी नळ्या बदलल्या. कोरी काच ठेवून तिच्यावर लेसर मारला, काही आलं नाही. दात पुन्हा ठेवला, पुन्हा तोच आकडा. मंगळवारी तिनं ‘ठ’ खोलीतूनच बाहेर काढला, कपाटात कुलूपबंद केला, विकत आणलेलं दुसरं प्रमाण लावलं. बुधवारी ज्योतीच्या पुढचे, अणूंना आत घेणारे धातूचे शंकू काढून आम्लात उकळले. दाताच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर नवी ओळ मारली. बाहेर काही नाही, आत आठ नऊ चार दोन. तिसऱ्यांदा तिनं “धू” म्हटलं तेव्हा लेसरवाल्यानं हातमोजे काढून ठेवले.

“ताई, मशीन कधीच विसरलंय,” तो हळू आवाजात म्हणाला. “आता दिसतंय ते दाताचंच आहे.” त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. खुर्ची ओढून तिच्या मागे ठेवली आणि बाहेर जाऊन चहा घेऊन आला. तोंडाला कुलूप नसलेला माणूस दिवसभर गप्प होता.

पाळणा नव्हता. हे कळायला तिला तीन दिवस लागले, आणि आनंद अर्धा तासही टिकला नाही. छापखान्याचं शिसं, म्हणजे बाबा. बाबांचे काळे हात, बाबांचा डगला. मेलेल्या माणसाचं नाव आता कसं घ्यायचं, हे ती ठरवत होती. पण दशांशताईच ती, हिशोब जुळल्याशिवाय उठणार कशी? बाबांचे हात काही गब्दू दोन वर्षांचा झाल्यावर काळे झाले नव्हते. ते त्याच्या जन्माआधीपासून काळे होते. मग दोन वर्षांनी घरात नवीन काय आलं?

डबी आली. ती आठ वर्षांची असताना बाबांनी तिला झिजलेले सात खिळे एका डबीत घालून दिले होते. रोज संध्याकाळी ती ते मोजून ठेवायची. गब्दूला अक्षरं शिकवायची म्हटल्यावर बाबा हसले होते. “खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं बाळा, पोरगं उलटं शिकेल. एक ‘ठ’ तेवढा सरळही तोच आणि उलटाही तोच. तोच दे त्याला.” म्हणून गब्दूला फक्त ‘ठ’ मिळायचा. त्याच्या दाढा येत होत्या. हिरड्या ठणकायच्या, रडून रडून तो लालबुंद व्हायचा, आणि आई कामावर गेलेली असायची. ‘ठ’ गार होता. तोंडात धरला की तो गप्प व्हायचा. तिला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं स्वतःचं, की बाळाला कसं गप्प करायचं ते आपल्याला कळलं.

तिनं कपाट उघडून ‘ठ’ सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एकोणीस वर्षं ज्या खळ्या सोडून नेम धरला, त्या तिनं पहिल्यांदा नीट पाहिल्या. दुधाच्या दातांएवढ्या लहान, जोडीजोडीनं होत्या. तिनं दिवा बंद केला आणि तिथंच ती ओंजळीत तोंड लपवून रडली.

रविवारी ती आत्याच्या आधी तासभर पोचली. कागद पर्समध्ये होता. आई पलंगावर बसून उशांचे अभ्रे बदलत होती. डबी उघडी होती, म्हणजे चोरी कळली होती.

“आई, पाळणा नव्हता,” ती म्हणाली. “तू नव्हतीस.”

“पाळणाच होता,” आई मान वर न करता म्हणाली. “डॉक्टर म्हणाले होते.”

“मी मोजलंय.”

“तुझं मशीन चुकलं असेल.”

“तीन दिवस मोजलंय आई. पाळण्याचं शिसं वेगळं आहे. त्याच्या दातात बाबांच्या खिळ्याचं आहे. ‘ठ’चं. मी देत होते त्याला. दाढा येत होत्या ना, रोज त्याच्या तोंडात—”

“रोज नव्हता!” आई ताडकन म्हणाली. “उगाच काहीतरी बोलू नकोस! आणि सापडला त्याच दिवशी मी डबी वर टाकली. साबणानं दोनदा धुऊन—”

आई थांबली. अभ्रा हातातच राहिला.



“कुठे सापडला?” तिनं विचारलं.

 आई अभ्र्याची एक एक घडी घालत, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगावं तशी सांगत गेली. “त्याच्या शीमध्ये. आजारी पडायच्या आठवडाभर आधी. गिळला होता त्यानं, किती दिवस पोटात होता कोण जाणे. मी धुतला आणि परत डबीत ठेवला.”

“परत का ठेवलास?”

“तू मोजायचीस ना रोज संध्याकाळी,” आई म्हणाली. “एक कमी भरला असता तर विचारलं असतंस. त्या संध्याकाळी तुझे मोजून झाले, आणि मग डबी माळ्यावर टाकली. बाबांना लागणार आहेत म्हणून सांगितलं तुला.”

“डॉक्टरांना तरी—”

“डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू दारात उभी होतीस. नऊ वर्षांची. माझ्याकडे बघत होतीस. समोर दिसलं ते मी बोलले, पाळणा म्हणून बोलले.” आईनं अभ्रा बाजूला ठेवला. “खिळा तर मी काढूनच घेतला होता. नाव पाळण्याचं घेतल्यानं त्याचं काही बिघडणार नव्हतं. तुझं बिघडलं असतं.”

ती आईच्या पायाशी जमिनीवर बसली.  वडिलांचा अबोला, आत्याची जीभ, नातेवाइकांच्या नजरा, आईनं चाळीस वर्षं एकटीनं झेललं होतं, आणि ती मात्र तोच खिळा हौसेनं मागून घेऊन रोज सकाळी चिमट्यात धरत होती.

“तू बाबांकडून तो मागून नेलास तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले होते,” आई म्हणाली. “पण नको म्हणायला कारण काय सांगणार?”

“आई, मी आत्याला सांगते. आज खरं सांगून टाकते.”

“नाही.” आईनं तिचं मनगट धरलं. सुरकुतलेल्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. “त्याला वाचवता नाही आलं मला. तुला वाचवलं होतं. मला तेवढं एकच जमलं गं. ते तरी मोडू नकोस.”

बाहेर काठीचा आवाज आला. आत्या धापा टाकत आत आली, खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि हात पुढे केला.

“आणलास का कागद?”

पर्स तिच्या मांडीवर होती. आईचा हात अजून तिच्या मनगटावर होता. चौथ्या दशांशापर्यंत खात्री असलेली गोष्ट तोंडाशी आली होती, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं चुकीचं उत्तर दिलं.

“पाळणाच निघाला, आत्या.”

“मी म्हणत नव्हते!” आत्या म्हणाली. “अगं, किती वेळा सांगितलं होतं तुला, जुन्या सामानातलं घेऊ नकोस म्हणून.”

“हो, वन्सं,” आई म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

ती जमिनीवर बसली होती, त्यामुळे खाली घातलेला तो चेहरा तिला प्रथमच खालून दिसला. इतकी वर्षं ती ज्याला शरम समजत आली होती ती तिथं नव्हती. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड निवांत होतं, झोपलेल्या पोराला थोपटताना असतं तसं. मग आई उठली आणि चहा टाकायला आत गेली.

सोमवारी लेसरवाला तिच्या आधी आला होता. ‘ठ’चं काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून तो कपाटाची किल्ली घेऊन उभा होता. दाताबद्दल त्याला बरंचसं कळलं असावं.

“विकतचंच लावू का ताई, आजपासून?”

तिनं किल्ली घेतली. एकोणीस वर्षांचं सगळं मोजमाप त्या अक्षराला बांधलेलं होतं, ते असं सोडता येणार नव्हतं. तिनं चिमट्यानं ‘ठ’ उचलला, झाकणाखाली ठेवला. नेम धरायला त्यानं नेहमीप्रमाणे खळ्या सोडल्या. आकडा आला. आठ नऊ चार दोन.

मग त्यानं कोरी काच ठेवून पाहिली आणि कपाळाला हात लावला. “ताई, आज थोडी आठवण राहिलीय हो. धुऊ का?”

“नको,” ती म्हणाली. “आजच्या दिवस राहू दे.”